पाच भाषांतला रोबो

किरिमी सरांनी हात वर केला, एवढीच त्यांची चूक. मेरू शहरात शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, अर्धं सभागृह डोळे उघडे ठेवून झोपलेलं असताना शिक्षणाधिकारी कालोंडू मॅडमनी विचारलं, "ज्या मुलांच्या घरात इंग्रजीचा शब्द नाही, त्यांना संगणकाचा तास कसा घ्यायचा? कोणी सांगेल?" अशा वेळी शहाणी माणसं आपल्या बुटांकडे बघतात. किरिमी सर पहिल्या रांगेत होते आणि त्यांच्या अंगावर नवा कोट होता. नव्या कोटातल्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं.

"माझ्या चौथीत," सर उठून म्हणाले, "प्रत्येक मूल आपापल्या भाषेत संगणक शिकतं."

टाळ्या पडल्या. झोपलेलेसुद्धा टाळ्यांपुरते जागे झाले. खरं म्हणजे सरांच्या चौथीने संगणक अजून पाहिला नव्हता. सरकारने दिलेल्या वीस पाट्या, म्हणजे बोटाने चालवायचे टॅब्लेट, शाळेच्या लोखंडी कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापिका गात्विरी बाईंच्या पर्समध्ये होती. तपासणीला पाट्या वीसच्या वीस भरल्या पाहिजेत, आणि वापरल्या तर बिघडतात, हे बाईंचं धोरण होतं. धोरण इतकं यशस्वी झालं होतं की चार वर्षांत एकही पाटी बिघडली नव्हती.

"वा!" कालोंडू मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डायरी उघडली. "मग पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी मी इसिओलोला येते. तुमचा तास बघायला."

घरी आल्यावर सरांनी प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आणि बायकोला, कागेंदोला, सगळी हकिकत सांगितली. ती चहात दूध ओतत होती, ती ओततच राहिली.

"तुम्हाला बोराना येते?"

"नाही."

"सोमाली? तुर्काना?"

"नाही गं. पण शेजार कशाला असतो?"

"तुमचं कौतुक ऐकायला नक्कीच नाही," कागेंदो म्हणाली.

इथे कबालेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळे नव्हे, तिच्यावर झालं. कबाले दहा वर्षांची बोराना मुलगी. आजीबरोबर शेळ्या राखून मोठी झालेली. यंदाच शाळेत आली, वयाने मोठी म्हणून थेट चौथीत बसवली. आठ महिने झाले, वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. सरांनी तिच्या प्रगतिपुस्तकात दोन्ही वेळा एकच शेरा लिहिला होता: समजत नाही. त्या शेऱ्याच्या जोरावर गात्विरी बाई तिला पहिलीत उतरवणार होत्या. तिची आजी फाटकापाशी येऊन सांगून गेली होती, "माझी नात सहा वर्षांच्या पोरांत बसणार असेल तर तिच्यासाठी शेळ्या आहेत माझ्याकडे." बाईंना फक्त वर्गशिक्षकाची सही हवी होती, आणि सर रोज "बघतो, बघतो" म्हणत होते. सर दुष्ट नव्हते. त्यांना सही करायचा कंटाळा होता, इतकंच.

असो. पाट्या मिळणार नव्हत्या म्हणून प्रशिक्षणात शिकवलेला बिनयंत्राचा तास घ्यायचं ठरलं. मैदानावर खडूने चौकोन आखायचे. एका मुलाने रोबो व्हायचं. बाकीच्यांनी त्याला हुकूम द्यायचे: पुढे चल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, पुन्हा कर, आणि सगळ्यात अवघड ते जर-तर. रोबोने सांगतील तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. हे सहा हुकूम इंग्रजी, स्वाहिली, बोराना, सोमाली आणि तुर्काना अशा पाच भाषांत पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहिले की झालं. रविवारच्या एका सकाळीत आटपेल, असं सरांनी धरलं होतं.

रविवारी सकाळी ते वही घेऊन चाळीच्या अंगणात बसले. पहिले आले गुयोबाबा. जिल्हा न्यायालयात तीस वर्षं त्यांनी पुकारा करण्यात घालवली होती, त्यामुळे साधं बोलणंही ते साक्षीदाराला हाक मारल्यासारखं बोलत.

"बोरानात सांगतो. पण हुकूम कोणाला आहे? माणसाला, पोराला, की जनावराला?"

"रोबोला, बाबा. यंत्र असतं ते. सांगू तेवढंच करतं, डोकं चालवत नाही."

"म्हणजे माझ्या जावयासारखं," बाबा म्हणाले. "त्याला मी हुकूम देतच नाही. मुलीला सांगतो, ती त्याला सांगते. तुझ्या रोबोचं लग्न झालंय का?"

तेवढ्यात सांडणीचं दूध विकणारी इफ्राची आई पिवळे कॅन घेऊन निघाली होती, ती थांबली. तिची इफ्रा सरांच्याच वर्गात. तिने सोमालीतले हुकूम घडाघडा सांगितले आणि मग वहीत डोकावून बघितलं.

"बोराना वर आणि सोमाली खाली?"

"आधी बाबा आले म्हणून."

"मग उद्यापासून दूध पण आधी बाबांकडून घ्या, मास्तर."

सरांनी सोमाली वर घेतली. बाबा उठून चालू लागले. सरांनी त्यांना बसवलं, तर शाळेचा पहारेकरी लोकोल आला. त्याच्याकडून तुर्काना घ्यायची होती, आणि त्याचा मुलगा एवोईही चौथीतच. लोकोलने विचारलं, "तुर्काना कितवी?" शेवटी सरांना कल्पना सुचली आणि त्यांनी कार्डं गोल कापली. गोल कार्डाला वर-खाली नाही. तिघांनी ती हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली, आणि आपली भाषा वर येईल अशी धरून तिघेही खूश झाले. सरांना त्या क्षणी आपण देशाचे राष्ट्रपती व्हायला हवं होतं असं वाटून गेलं.

जर-तरला मात्र अख्खी दुपार गेली. सरांनी उदाहरण दिलं, "जर पुढे तरस असेल, तर थांब."

"तरस असेल तर थांबतोस कशाला?" लोकोल म्हणाला. "दगड मार."

"पळ," इफ्राची आई म्हणाली.

"किती तरसं आहेत त्यावर आहे," गुयोबाबा म्हणाले, "आणि साक्षीदार कोण?"

सोमवारी गात्विरी बाईंनी खडू अडवला. "खडू फळ्यासाठी आहे. मैदान फळ्यात मोडत नाही." सरांनी तीन प्रतींत अर्ज केला. एक प्रत बाईंना, एक फाइलला, तिसरी कोणाला हे बाईंनाही माहीत नव्हतं म्हणून ती सरांनाच परत मिळाली. चार दिवसांनी दीड खडू मंजूर झाला. त्यात चौकोन निम्मेच आखून झाले, उरलेले सरांनी बुटाच्या टाचेने ओढले. बूट नवे नव्हते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

सरावाचा तास शुक्रवारी झाला. रोबो व्हायला एवोई सगळ्यांच्या आधी उडी मारून पुढे आला. सरांनी गोल कार्डं वाटली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मुलं कार्डाकडे बघत राहिली.

"सर, इंग्रजी कळलं, पण हे काय लिहिलंय?"

"तुझीच भाषा आहे बाळा. सोमाली. वाच."

"मला सोमाली वाचता येत नाही," इफ्रा म्हणाली. "मला सोमाली बोलता येते."

सरांनी सगळीकडे नजर फिरवली. अठ्ठेचाळीस मुलं, आणि सगळ्यांची तीच गत. वाचायला शाळेने शिकवलं होतं इंग्रजी आणि स्वाहिली. आईची भाषा कोणी फळ्यावर लिहिलेली पाहिलीच नव्हती. पाहणार कशी? फाटकावर पाटी होती, "शाळेत फक्त इंग्रजी बोला", आणि ती पाटी तीन वर्षांपूर्वी किरिमी सरांनीच सुंदर अक्षरात रंगवली होती. मग सर स्वतः कार्डं वाचू लागले. एका मेरू बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून बोराना ऐकून बोराना मुलं पोट धरून हसली. सोमाली ऐकून सोमाली मुलं हसली. मग प्रत्येकाने आपापल्या भाषेत हुकूम सोडायला सुरुवात केली. गरीब एवोई पाच भाषांचे हुकूम एकाच वेळी पाळायला गेला आणि झेंड्याच्या खांबावर नाक आपटून बसला.

आणि मग शीळ आली. आखूड, एकच. आरडाओरडा थांबला. एवोई नाक धरून उठत होता, तो होता तिथेच थबकला. कबाले मागच्या रांगेतून पुढे आली होती. तिने जिभेने टाळूला टक केलं, एवोई एक पाऊल पुढे. टक टक, दोन पावलं. ओठांतून हलकं 'हर्र' केलं, तो वळला. त्या गावात शेळ्या कोणी हाकल्या नाहीत? बोराना असो, तुर्काना असो, सोमाली असो, प्रत्येकाचे हाकारे थोडे वेगळे, पण तिचे हाकारे पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला कळले. मग तिने खाली बसून खडे मांडले. पांढरा खडा म्हणजे एक पाऊल, काळा म्हणजे वळायचं. खड्यांची रांग लावून ती बाजूला झाली, आणि इफ्राने ती रांग बघून एवोईला बरोबर झेंड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत नेलं, एक चौकोनही न चुकता. पाच पांढऱ्या खड्यांच्या जागी कबालेने एक पांढरा ठेवून त्याच्या शेजारी पाच बोटं दाखवली. म्हणजे 'पुन्हा कर' हे तिला समजलं होतं. ते समजावून सांगायला सरांना प्रशिक्षणात अख्खा तास लागला होता, तोही इंग्रजीत.

"सर, हिला सगळं समजतं!" मुलं ओरडली.

सरांनाही ते समजलं. आपल्या त्या दोन शेऱ्यांची त्यांना त्या वेळी लाज वाटली, हे खरं आहे. पण आनंद जास्त मोठा होता. गुरुवार सुटला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी पाठाची टाचणं लिहिली, खड्यांचं चित्र काढलं आणि मथळ्याखाली सुंदर अक्षरात लिहिलं: शिक्षकाने स्वतः विकसित केलेली पद्धत. फोटो काढून कालोंडू मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "अप्रतिम!" सरांनी ते कागेंदोला तीनदा दाखवलं. कबालेचा शेरा बदलायचा होता, तो सोमवारी बदलू असं ठरवलं.

सोमवारी लोकोल फाटक आतून बंद करून, दोन भाऊ बरोबर घेऊन, तक्रार करायला बाईंच्या खोलीत शिरला. पहारेकरीच तक्रारदार असल्यामुळे त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

"माझ्या मुलाला शेळी केलं," तो म्हणाला. "वर्गात, सगळ्यांसमोर. टक टक करून हाकलं. आणि हाकणारी कोण? बोराना! यांनी आमच्या शेळ्या पळवून नेल्या तेव्हा आम्ही बोललो. आता पोरं हाकून नेतायत, तेव्हा गप्प बसू का?"

"नाक बघा त्याचं," धाकटा भाऊ म्हणाला.

"नाक खांबामुळे," सर पुटपुटले.

"खांबापाशी हाकून कोणी नेलं?"

गात्विरी बाई घाबरल्या होत्या. इसिओलोत शेळ्यांवरून काय काय होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चष्म्यावरून सरांकडे बघितलं. "किरिमी, हे हाकारे आणि खडे कोणी आणले वर्गात?"

सरांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये "शिक्षकाने स्वतः विकसित केलेली पद्धत" होती. ते तेवढंच म्हणाले असते तरी चाललं असतं. लोकोल त्यांचा ओळखीचा, त्यांच्या गोल कार्डावर खूश झालेला. फार तर दोन शिव्या दिल्या असत्या. पण लोकोलचे भाऊ उंच होते, आणि सरांना समोर उभ्या असलेल्या त्या दोघांच्या पलीकडचं काही दिसेना.

"ती... मुलीची कल्पना होती," सर म्हणाले. "कबालेची. मी पाहिलं आणि लगेच थांबवलं."

"जिला आठ महिन्यांत एक शब्द आला नाही, ती हुकूम देते?" बाईंनी खण उघडून कागद काढला. "पुरे झालं. पहिलीत. करा सही."

सरांनी सही केली. आणि मान वर केली तेव्हा दारात कबाले उभी होती. बाहेरून जाताना आपलं नाव ऐकून थांबलेली. तिच्या स्कर्टच्या ओच्यात खडे होते, सगळे एका मापाचे. रविवारभर वेचून आणले असावेत. तिने सरांकडे बघितलं, मग सहीकडे, आणि मग ती गेली. एकही खडा खाली पडला नाही.

पुढचे तीन दिवस किरिमी सरांनी कधी घेतला नव्हता इतका लांबचा रस्ता घेतला. पहिलीचा वर्ग व्हरांड्याच्या सुरुवातीलाच, त्यामुळे चौथीत जायला सर स्वयंपाकघराच्या मागून, सरपणाच्या ढिगावरून जाऊ लागले. एकदा कोटाची बाही अडकून फाटली. एकदा स्वयंपाकिणीने चोर समजून पळी उगारली. एकदा मात्र चुकून नजर गेलीच: सहा वर्षांच्या चिमुरड्यांमध्ये, वीतभर उंच बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून कबाले बसली होती आणि बाकीच्यांबरोबर बोटाने हवेत 'ए' काढत होती. आजीने तिला अजून शाळेतून काढलं नव्हतं. आजी गुरुवारी येणार होती, लोकोलने सांगितलं, शेळ्या घेऊन बाजाराला, तेव्हा नातीलाही घेऊन जाईल.

कागेंदोला त्यांनी मंगळवारी सांगितलं. सांगितलं म्हणजे तिने काढून घेतलं.

"ते खडे कोणाचे?"

"पद्धत माझी. म्हणजे खडे तिचे. म्हणजे..."

कागेंदोने त्यांच्या ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाढली. भाजी वाढली नाही. सरांनी मागितलीही नाही. कोरडी उगाली घशाखाली उतरवताना त्यांना वाटलं, एवढ्यावर सुटलो. पण ते सुटले नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं.

गुरुवारी कालोंडू मॅडम आल्या. फाटकावरच्या "फक्त इंग्रजी बोला" या पाटीवर बाईंनी साखरेचं पोतं बांधलं होतं. कपाटातल्या वीस पाट्या पुसून टेबलावर मांडल्या होत्या, बघण्यासाठी. सगळी शाळा मैदानाभोवती उभी राहिली. एवोईला वडिलांनी रोबो होऊ दिलं नाही, म्हणून इफ्रा झाली. लोकोल काठी घेऊन कडेला उभा होता.

"खूप ऐकलंय तुमच्या पद्धतीबद्दल," मॅडम म्हणाल्या. "सुरू करा."

सरांनी वर्गाला नियम सांगितला. जरा मोठ्यानेच सांगितला, मॅडमना ऐकू जावा म्हणून. "रोबो शब्द ऐकणार नाही. कोणत्याही भाषेतला नाही. फक्त टक, हर्र आणि शीळ." मग त्यांनी खडे मांडले, इफ्रा उभी राहिली, आणि मुलांनी टक टक सुरू केलं. चार पावलं, वळण, पुढे सलग पावलं. छान चाललं होतं. फक्त सरांनी काळा खडा एक घर चुकीचा ठेवला होता, आणि इफ्रा आता टाकीकडे न जाता स्वयंपाकघराबाहेर चुलीवर रटरटणाऱ्या मका-घेवड्याच्या पातेल्याकडे निघाली होती. मुलांना सलग टक टक करण्यात मजा वाटत होती, ती थांबेनात. थांबवायची शीळ सरांनी घालायची, असं ठरलं होतं.

सरांनी ओठांचा चंबू केला. हवा आली. पुन्हा केला. थुंकी आली. आयुष्यात कधी शेळी न राखलेल्या माणसाला शीळ येत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी तशी तालीमच केली नव्हती. शीळ कबालेची होती, आणि पद्धत आपली म्हटल्यावर शीळही आपलीच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"थांब!" सर ओरडले. इंग्रजीत, स्वाहिलीत, मेरू भाषेत ओरडले. खिशातून गोल कार्ड काढून बोराना, सोमाली आणि तुर्कानात ओरडले. इफ्रा शहाणी मुलगी, रोबोने शब्द ऐकायचा नाही असं सांगितलं होतं. ती ताठ मानेने चालत राहिली. पातेलं दोन पावलांवर आलं.

शीळ पहिलीच्या दारातून आली. आखूड, एकच. इफ्रा थांबली. पातेल्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

कालोंडू मॅडम वळल्या. "कोण होतं ते?"

"काही नाही मॅडम," गात्विरी बाई घाईने म्हणाल्या. "पहिलीतली मुलगी आहे. तिला बोलता येत नाही."

"बोलता येत नाही? आत्ता सगळ्या शाळेत ती एकटीच नीट बोलली." मॅडमनी हाताने बोलावलं. कबाले आली. मॅडम स्वाहिलीत म्हणाल्या, "बाळा, हे खडे तुला मांडता येतात?"

कबालेने होकाराची मान हलवली.

"मांड बघू. रोबो कोणाला करायचं?"

कबालेने वर्गाकडे बघितलं नाही. तिने बोट केलं ते सरळ किरिमी सरांकडे.

मुलं "ओ!" करून ओरडली. मॅडम हसल्या, "या, सर." सर हसले. फाटलेल्या बाहीवर हात ठेवून चौकोनात उभे राहिले. कबालेने मैदानावर नजर फिरवली, ओठ हलवत काहीतरी मोजलं, आणि लांबलचक रांग मांडली. मग टक टक. सर चालू लागले. सगळ्या शाळेपुढे, कोटात, दोन्ही हात अंगाला लावून. हर्र झालं की वळत होते. लोकोलने आधी काठीवर हनुवटी टेकून पाहिलं, मग त्याला हसू फुटलं. "आता ठीक आहे," तो मोठ्याने म्हणाला. "आता मास्तरही शेळी झाला." आणि एवोईला पाठीत थोपटून त्याने पुढे ढकललं, नीट दिसावं म्हणून.

सरांना अर्ध्या वाटेवर कळलं आपण कुठे चाललोय ते. रोबोला अक्कल चालवायची नसते. ते चालत राहिले. चौकोन संपले, मैदान संपलं, व्हरांड्याची पायरी आली, एक जास्तीची टक झाली, त्यांनी पाय उचलला. पहिलीच्या दारातून आत, दुसऱ्या बाकापाशी. शीळ. ते थांबले. कबालेने घशातून खोल, लांब आवाज काढला. "तो उंट बसवायचा आवाज आहे," इफ्राने मॅडमना समजावून सांगितलं. किरिमी सर वीतभर बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

दारात सगळी शाळा गोळा झाली होती. मॅडम, बाई, लोकोल. बाकावर सरांच्या शेजारी एक चिमुरडा होता, त्याने जागा करून दिली आणि बराच वेळ सरांचं निरीक्षण केलं. मग हळूच विचारलं, "तुम्हाला पण बोलता येत नाही?"

चाळीत, सभागृहात, मोबाइलवर, सगळीकडे बोलले होते सर. एकदाच बोलायला हवं होतं, बाईंच्या खोलीत, आणि तिथे त्यांनी एका मुलीचं नाव सांगितलं होतं.

"येतं रे," ते म्हणाले. "उशिरा येतं."

उठून बोलावं म्हणून त्यांनी जोर केला, पण गुडघे बाकात अडकले होते. म्हणून बसूनच बोलले. "मॅडम, ही पद्धत माझी नाही. खडे हिचे, शीळ हिची, 'पुन्हा कर' हिला एका फटक्यात कळलं. मी माझं म्हणून तुम्हाला लिहिलं. लोकोल, तुझ्या मुलाला शेळी मी केलं. रोबो मीच उभा केला होता, तक्रार आल्यावर हिच्यावर ढकललं. बाई, हिला समजत नाही असं मी दोनदा लिहिलं, ते खोटं आहे. मी कधी विचारलंच नाही. ती सही मी मागे घेतो."

बाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी डायरी मिटली. "सही मागे घ्यायची तर अर्ज लागेल," बाई हळूच म्हणाल्या. "तीन प्रतींत."

कबाले अर्जासाठी थांबली नव्हती. सर बाकातून गुडघे सोडवत असताना ती वाकून आत आली, त्यांच्या पायाशी पडलेलं आपलं दप्तर तिने ओढून घेतलं आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. फाटकापाशी तिची आजी शेळ्या घेऊन उभी होती. कबाले तिच्याकडे गेली नाही. व्हरांड्यातून सरळ चालत चौथीच्या वर्गात गेली आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. तिने सरांकडे वळून पाहिलं नाही. सरांनाही वाटलं, पाहावं तरी कशाला.